कुरूप विमानाच्या बाजूने

रेडिओवर चालणारी विमाने विकणाऱ्या दुकानात शिरले, की काचेच्या कपाटात मधोमध टांगलेले विमान बहुतेक वेळा 'एक्स्ट्रा ३००' असते. वाल्टर एक्स्ट्रा या जर्मन रचनाकाराचे हे खरेखुरे कसरती विमान १९८८ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या लहान प्रतिकृतींनी पुढे हौशी मंडळींना वेडच लावले. टोकांकडे निमुळते होत गेलेले पंख, सडपातळ धड, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंग. शाळेच्या विमान-मंडळासाठी चार पैसे जमलेले असतात, मुले साधे शिकाऊ विमान उडवून नीट उतरवू लागलेली असतात, आता लूप आणि रोल शिकायचे असे ठरते, आणि सगळ्यांचे बोट आपोआप त्या कपाटाकडे वळते. माझेही वळले होते. या लेखात मला त्या बोटाला विरोध करायचा आहे, आणि साठएक वर्षांपूर्वी कागदावर उतरलेल्या, नावातच 'कुरूप' असलेल्या एका विमानाची वकिली करायची आहे. वकिली म्हटले तरी त्याचे दोष लपवणार नाही.

आधी एक्स्ट्राची हकिगत. आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून ते आले. पंखांची लांबी दीड मीटर, सरासरी रुंदी ३० सेंटिमीटर. खोक्यावर वजन छापले होते २.२ किलो. पहिल्याच आठवड्यात शेपटी कुंपणाला लागून मोडली, ती आम्ही इपॉक्सीने जोडली. शेपटीकडे भरलेले ५० ग्रॅम वजन गुरुत्वमध्यापासून ७५ सेंटिमीटर मागे होते. नाकातली मोकळी जागा गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर पुढे. तरफेचा नियम सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतो: नाकात १५० ग्रॅम शिसे भरावे लागले. म्हणजे एका डागडुजीपायी २०० ग्रॅम वाढले. मग जास्त वेळ उडावे म्हणून मोठी बॅटरी घातली, चाके मजबूत केली, वर शाळेच्या नावाचा रंग. हे सगळे माझ्याच सांगण्यावरून झाले, हे कबूल करायला हवे. एकूण वजन ३ किलोच्या घरात गेले.

त्या विमानाने आठ-दहा उड्डाणे बरी केली. एका संध्याकाळी दहावीतला एक मुलगा ते उतरवायला आणत होता. मैदानाच्या टोकाशी वळण घेताना वेग कमी झाला होता, म्हणून त्याने वळण अधिक आवळले. एक पंख एकदम खाली पडला, विमान पाठीवर गेले आणि जमिनीत घुसले. 'सर, रेडिओ बंद पडला!' असे तो ओरडला. असे अपघात झाले की पहिला आळ रेडिओवर येतो. पण रेडिओ ठणठणीत होता, अवशेषांतले सर्व्हो अजून हलत होते. मुलगा त्यानंतर सहा महिने मैदानावर आला नाही. वर्गणी देणाऱ्यांना काय सांगायचे, या विवंचनेत मीही फारसा उत्साहाने गेलो नाही.

रेडिओचा दोष नव्हता, तर मग कशाचा? फळ्यावर मांडण्यासारखे गणित आहे, म्हणून सविस्तर देतो. पंख हवेला सामोरा जाण्याचा कोन वाढवत नेला, की उचल वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. त्या मर्यादेवर पंख जेवढी उचल देऊ शकतो ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दर वजनाला एक किमान वेग ठरतो, आणि तो वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आमच्या विमानाचे पंख-क्षेत्रफळ ४५ चौरस डेसिमीटर. उचलीचा कमाल गुणांक १ धरला आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो घेतली, तर २.२ किलो वजनाला किमान वेग येतो सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. वजन ३ किलो झाले की तोच होतो सुमारे १०.४ मीटर, ताशी ३८ किलोमीटर. फरक किरकोळ वाटतो. पण वळणात पंखाला विमानाचे वजन पेलून शिवाय ते वळवायचेही असते. उंची न गमावता ६० अंश कलून वळायचे तर उचल वजनाच्या दुप्पट लागते, आणि किमान वेग दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४ पटीने वाढतो. तीन किलोच्या एक्स्ट्राला त्या वळणात ताशी ५३ किलोमीटर वेग हवा होता. मुलाला वाटत होते की ताशी ४५ पुष्कळ झाला.

कसरतीत हे गणित आणखी निर्दय होते. सेकंदाला २० मीटर वेगाने १२ मीटर त्रिज्येचा लूप सुरू केला, तर तळाशी पंखावर वजनाच्या ४.४ पट भार येतो, आणि किमान वेग २.१ पट होतो. २.२ किलोच्या विमानाला सेकंदाला १८.८ मीटर लागतात. जवळ २० आहेत, जेमतेम निभावते. ३ किलोच्या विमानाला लागतात जवळजवळ २२. ते लूप करणारच नाही. काठी ओढताच भेलकांडून गिरकी घेईल. म्हणून पहिले कसरती विमान निवडताना दुकानदाराला मोटरची ताकद विचारण्याआधी वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ विचारावे, आणि भागाकार स्वतः करावा. आमचा भागाकार दर चौरस डेसिमीटरला ४९ ग्रॅमवरून ६७ वर गेला होता, आणि तो मी एकदाही केला नव्हता.

वजनाखेरीज दुसरे कारण होते निमुळता पंख. टोकाकडची रुंदी कमी असली, की तिथला पंख आपल्या आकाराच्या मानाने जास्त भार उचलत असतो. शिवाय अरुंद पंखावर हवा लवकर पृष्ठभाग सोडते. स्टॉल टोकापासून सुरू होतो, दोन्ही टोके एकाच क्षणी दगा देत नाहीत, आणि एक पंख पडतो. टोकांजवळच एलेरॉन असतात, त्यामुळे ज्या वेळी सावरायचे तेव्हाच ते निकामी होतात. खऱ्या एक्स्ट्राच्या वैमानिकाला हा स्वभाव ठाऊक असतो आणि झटक्याच्या गिरक्यांसाठी तो हवाच असतो. नवशिक्याला तो शत्रू.

मग शिकाऊ विमानावरच कसरती का शिकू नयेत? थोड्या शिकता येतात. लूप तर ते आनंदाने करते. पण शिकाऊ विमानाचे पंख वर बसवलेले, टोकांकडे उथळ 'व्ही'सारखे किंचित उचललेले आणि खालून सपाट असतात. सोडून दिले की आपोआप सरळ होण्याचा गुण त्यात मुद्दाम घातलेला असतो. कसरतीत हाच गुण आडवा येतो. विमान उलटे केले की तो 'व्ही' उलटा होतो आणि विमानाला सारखे लोळायचे असते. सपाट बाजू वर आल्याने उंची राखायला काठी भलतीच पुढे ढकलावी लागते. रडर द्यावा तर विमान वळण्याऐवजी कलते. स्थिरता आणि आज्ञाधारकपणा एकमेकींच्या वाट्यातून खातात, आणि शिकाऊ विमानाने आपला सगळा वाटा स्थिरतेला देऊन टाकलेला असतो.

आता ते कुरूप विमान. फिल क्राफ्ट हा अमेरिकन गृहस्थ रेडिओ-नियंत्रण संच बनवणारा उद्योजक होता आणि स्वतः अव्वल दर्जाचा वैमानिकही. १९६७ मध्ये कॉर्सिका बेटावर झालेली रेडिओ-नियंत्रित कसरतींची जागतिक स्पर्धा त्याने 'क्विक फ्लाय' या आपल्याच विमानावर जिंकली. त्याच सुमारास त्याने 'अग्ली स्टिक' नावाचे विमान रेखले. नावाचा अर्थ सरळ आहे: कुरूप काठी. धड म्हणजे लांबट चौकोनी खोके. पंख म्हणजे फळीसारखा आयत, बुडख्यापासून टोकापर्यंत एकच रुंदी. शेपटी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या थाटाची गोलसर, आणि अंगावर काळे क्रूस, जणू थट्टाच. जगज्जेत्याने असले काही काढावे याचे नवल वाटते, पण त्याच्या रचनेतली प्रत्येक रेघ तपासली की नवल ओसरते.

आयताकार पंख आधी बुडख्याशी स्टॉल होतो. टोके अजून धरून असतात, एलेरॉन अजून ऐकतात, विमान नाक खाली घालून थोडे पुढे सरकते आणि पुन्हा उडू लागते. शिकणाऱ्याला चूक कळायला वेळ मिळतो. पंखांना 'व्ही' जवळजवळ नाही, म्हणून विमान जसे ठेवाल तसे राहते. शेपटी मोठी आणि लांबवर, म्हणून आज्ञा गुळगुळीत पाळली जाते. हे झाले उडण्याचे.

शिक्षकाला याहून आवडावे असे दुसरेच आहे. आयताकार पंखाचे क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, संपले. गुरुत्वमध्य कुठे हवा? पंखाच्या रुंदीच्या पाव भागापासून ३० टक्क्यांपर्यंत. ३० सेंटिमीटर रुंद पंखाला पुढच्या कडेपासून साडेसात ते नऊ सेंटिमीटरवर खूण करा, दोन बोटांवर तोला. निमुळत्या पंखात आधी सरासरी रुंदी काढावी लागते, ती पंखावर कुठे येते ते शोधावे लागते, आणि बहुतेक जण पुस्तिकेतल्या आकड्यावर डोळे मिटून विसंबतात. पंखातल्या सगळ्या फासळ्या सारख्या, म्हणून पत्र्याचा एकच साचा कापला की बाल्साच्या कितीही फासळ्या निघतात. पंख मोडला तर वर्गात नवा करता येतो.

आणि पंखाचा छेद. अग्ली स्टिकचा पंख वरून जेवढा फुगीर तेवढाच खालून. इथे थोडे थांबतो, कारण माझ्या मते या विमानाचे शाळेतले खरे काम हेच आहे. विमान का उडते हे आपण वर्गात कसे सांगतो? पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरचा रस्ता लांब. पुढच्या कडेशी दुभंगलेली हवा मागच्या कडेशी एकाच वेळी पोचली पाहिजे, म्हणून वरची हवा जोरात धावते. बर्नोलीच्या नियमाने तिथला दाब कमी, म्हणून उचल. अनेक पुस्तकांत हे छापलेले आहे, मीही वर्षानुवर्षे हेच शिकवले. आता फळ्याजवळ अग्ली स्टिक ठेवा. याच्या पंखाचे दोन्ही रस्ते सारखे आहेत. या स्पष्टीकरणाप्रमाणे ते जमिनीवरून उठताच कामा नये. ते उठते. इतकेच काय, पाठीवर होऊनही तितक्याच सहजपणे उडते.

बर्नोलीचा नियम चुकीचा नाही, वरच्या हवेचा वेग जास्त असतो हेही खरे. चूक आहे ती 'एकाच वेळी पोचली पाहिजे' या वाक्यात. दुभंगलेल्या हवेने पुन्हा भेटावे असा कोणताच नियम नाही, आणि प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. उचल ठरते ती मुख्यतः पंख हवेला किती कोनात सामोरा जातो यावरून. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. फुगीर छेदाने पंख अधिक कार्यक्षम होतो; उचलीचे मूळ मात्र तो नव्हे. सम छेदाचे विमान उलटे उडवणाऱ्या मुलाच्या अंगठ्याला हे कळते: नाक क्षितिजाच्या किंचित वर राहावे म्हणून काठी जराशी पुढे ढकलावी लागते, कारण उलट्या पंखालाही तोच कोन द्यायचा असतो. पुठ्ठ्याचा सम छेदाचा पंख स्वयंपाकघरातल्या तराजूवर बसवून टेबलफॅनसमोर ठेवा आणि कोन बदलत आकडे लिहून काढा. शून्य अंशाला उचल जवळजवळ शून्य, पाच अंशाला चांगली, पंचवीस अंशाला घसरलेली. आमच्या नववीच्या वर्गात यावर जेवढी भांडणे झाली तेवढी वर्षभरात दुसऱ्या कशावर झाली नाहीत.

या घराण्यातल्या विमानांकडे गंभीर संशोधकांचेही लक्ष गेले आहे. नासाच्या लँग्ली संशोधन केंद्राने उड्डाणाच्या प्रयोगांसाठी 'फेसर' नावाचे जे छोटे विमान वापरले, ते बाजारात मिळणारे 'अल्ट्रा स्टिक'च होते, उपकरणे बसवलेले. पुढे मिनेसोटा विद्यापीठातही याच जातीची विमाने वापरली गेली. साधा आकार, अंदाज बांधता येईल असे वागणे आणि आत भरपूर जागा, ही कारणे शाळेलाही लागू पडतात.

आता दोष. पहिला, ते खरोखरच कुरूप आहे. हसण्यावारी नेऊ नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मैदानावर काय घेऊन मिरवावेसे वाटते याचा त्याच्या चिकाटीशी संबंध असतो. आमच्या मुलांनी आधी नाके मुरडलीच. दुसरा दोष तंत्राचा. विमान ९० अंश कलवून, एक पंख आकाशाकडे आणि एक जमिनीकडे करून सुरीच्या धारेसारखे सरळ न्यायची कसरत असते. तिथे पंखाचा उपयोग नसतो, उचल धडाच्या बाजूने मिळवायची असते. स्टिकचे अरुंद खोके ती पुरेशी देत नाही, आणि पंख धडाच्या वर असल्याने पूर्ण रडर दिला की विमान कुठेतरी लोळू लागते. ही कसरत त्यावर नीट शिकता येत नाही, असे स्पष्ट सांगितलेले बरे. ज्यांना देखणेपणही हवे त्यांच्यासाठी 'सिग' या अमेरिकन कंपनीचे 'फोर-स्टार' हा चांगला मध्यममार्ग आहे: पंख धडाखाली गेले, रूप सुधारले, वागणे बरेचसे तसेच शांत.

विक्रेते नवशिक्याला आणखी दोन गोष्टी सुचवतात. एक म्हणजे फोमचे अतिशय हलके 'थ्री-डी' विमान. मोटरचा जोर वजनाहून अधिक, एलेरॉन आणि एलिव्हेटर ४५ अंशांपर्यंत फिरणारे, विमान नाक वर करून हवेत उभे लटकते. पाहायला मौज आहे. सभागृहात उडवायची सपाट फोमची विमाने स्वस्त असतात, आपटली तरी उसळून वाचतात, त्यांना माझा विरोध नाही. पण लूपच्या माथ्यावर वेग का उतरतो, तो आधी साठवून का न्यावा लागतो, ही समज अशा विमानात येत नाही. सगळी देणी मोटरच फेडत असते.

दुसरी सूचना, आपोआप सरळ करणाऱ्या यंत्रणेचे विमान. 'ई-फ्लाइट'चे 'अप्रेंटिस' हे त्याचे परिचित उदाहरण. घाबरलात तर बटण दाबा, विमान सरळ होते. पहिले विमान म्हणून ते उत्तम आहे आणि त्याने अनेकांचा हुरूप वाचवला असेल. पण कसरती शिकताना ती यंत्रणा चालू असली, तर वाऱ्याला उत्तर विमान देते की मूल, हेच कळेनासे होते. शिकाऊ पद्धतीत तर ती विमानाला ठराविक कोनापलीकडे कलूच देत नाही, मग रोल कसला? ती पूर्ण बंद करता येते का, आणि बंद केल्यावर विमान कसे वागते, हे विकत घेण्याआधी विचारावे. माझे मत असे, की कसरतीच्या पहिल्या वर्षी तिला हात लावू नये. संगणकावरच्या सिम्युलेटरवर हवे तेवढे आपटून घ्यावे, तिथे इपॉक्सी लागत नाही.

राहता राहिल्या मैदानाच्या गोष्टी. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटले. विमानतळ किंवा लष्करी ठाणे जवळ असेल, तर नकाशा पाहिल्याशिवाय आणि परवानगीशिवाय काहीही उडवू नये. एन. सी. सी.च्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात विमानांच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे येते; जवळपास ती तुकडी असेल तर तिथल्या मंडळींना गाठावे. जागा आणि जाणता माणूस, दोन्ही मिळण्याची शक्यता असते. प्रोपेलरसमोर कोणी उभे राहायचे नाही आणि लिथियम बॅटरी चार्ज होत असताना खोली सोडून जायचे नाही, हे दोन नियम आमच्या दारावर लाल अक्षरात आहेत.

एक्स्ट्राचे जे वाचले त्यातून मोटर आणि सर्व्हो काढून आम्ही स्टिक बांधले. तयार वजन २१०० ग्रॅम; वजन करून तो आकडा मुलांनी धडावरच लिहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दहावीचा मुलगा, आता अकरावीत गेलेला, कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्या हातात ट्रान्समीटर दिला आणि भरपूर उंचीवर तेच वळण मुद्दाम आवळायला सांगितले. स्टिकने नाक खाली घातले, थोडे थरथरले, आणि काठी सैल सोडताच पुन्हा उडू लागले. त्याने ते लागोपाठ सात वेळा केले. 'म्हणजे तेव्हा रेडिओ चालू होता,' एवढेच म्हणाला. त्या विमानाला आता तिसरा पंख आहे. दुसरा त्याच मुलाने उलटे उडताना काठी ओढून मोडला, आणि तिसऱ्याच्या सगळ्या फासळ्या त्यानेच कापल्या.